आधी रक्त, मग तिळगूळ

सोमवार, १६ जानेवारी. पुण्यात लोक एकमेकांना तिळगूळ देत फिरत होते आणि मी आमच्या प्रयोगशाळेत उभी राहून रिकाम्या नळ्यांवर चिकटपट्ट्या लावत होते. निळी पट्टी लातूरला, पिवळी नांदेडला. शेजारी द्रव नायट्रोजनची टाकी होती. दिसायला दुधाच्या किटलीसारखी, वजनाला मात्र चांगल्या भरलेल्या बादलीइतकी.

माझं काम रक्तातल्या पेशी वेगळ्या करण्याचं. इतकी वर्षं हेच करते. आमचा अभ्यास होता लठ्ठपणाचा. पावसाळ्यात फ्लूचा ताप एकाच घरात शिरतो. त्यातली सडसडीत बाई चार दिवसांत उठते, अंगाने भरलेली तिची जाऊ तीन आठवडे खोकत राहते. असं का होतं, हे बघायचं तर दोघींच्या रक्तातल्या लढणाऱ्या पेशी जिवंत हव्यात. मेलेल्या पेशीला काही विचारता येत नाही.

मराठवाड्यातून आमच्याकडे दोनदा रक्त आलं होतं आणि दोन्ही वेळा पेशी मेलेल्या निघाल्या. एकदा गाडी उशिरा आली. एकदा तिकडच्या कुणीतरी मायेने डबा बर्फाने ठासून भरला होता. भाजी बर्फात टिकते, या पेशी टिकत नाहीत. ताजं रक्त घरातल्या हवेत ठेवावं लागतं आणि त्याच दिवशी पेशी वेगळ्या कराव्या लागतात. त्यानंतर त्या गोठवायच्या, पण रीतसर.

"याही वेळी मेल्या तर लातूर-नांदेड यादीतून काढतो," आमचे सर म्हणाले. "पुण्याच्या बायकांवर भागवू."

"पुण्याच्या बायकांवर मराठवाड्याचा निष्कर्ष काढणार?" मी विचारलं.

"मग तुम्ही आणा."

आणते, म्हटलं, आणि रात्रीच्या बसचं तिकीट काढलं.

लातूर

लातूरला या आधी मी लग्नाकार्यापुरती गेले होते. आता स्टँडवरून रिक्षा निघाली ती थेट क्लासेसच्या भागात. दोन्ही बाजूंना डॉक्टर झालेल्या मुलामुलींचे फोटो घराएवढे लावलेले. त्यांच्याखाली झेरॉक्सची दुकानं, मेस, अभ्यासिका, पुन्हा मेस. सकाळी सहाला इथे पुण्यातल्या संध्याकाळच्या सहाइतकी गर्दी असते. सगळी पाठीला दप्तर लावलेली आणि कुणीही हसत नसलेली.

माझी सोय विमलकाकूंच्या मेसवर केली होती. काकू पंचावन्नच्या पुढच्या, उंच आणि भरपूर रुंद. त्यांचं गाव भूकंपात गेलं. नंतर पत्र्याच्या शेडात काही वर्षं काढली, मग लातूरला येऊन चार पोरांचा डबा सुरू केला. क्लासेस वाढले तशी मेस वाढली. आता दोन्ही वेळा मिळून किती ताटं होतात ते त्यांनी मला सांगितलं नाही. "मोजलं की कमी व्हतंय," म्हणाल्या.

त्यांच्या मेसला लागून पाच मजली इमारत आहे आणि तिच्यात खोल्या घेऊन राहतात त्या आया. मुलगा किंवा मुलगी बारावीला, डॉक्टर व्हायचंय, म्हणून आई गाव सोडून दोन वर्षं इथे. नवरा तिकडे शेत नाहीतर दुकान बघतो. आमच्याकडे पुण्यात मुलं शिकायला एकटी जातात आणि आई फोनवरून जेवलास का विचारते. इथे आईच खोली घेते. मला हे आधी जरा अतीच वाटलं होतं. दोन दिवस पाहिल्यावर त्यात व्यवहार दिसला. मेसचं, आजारपणाचं, एकटेपणाचं सगळं एका खोलीत निस्तरतं. फक्त आईची दोन वर्षं जातात.

मुखेडकडच्या एक सुनीताबाई होत्या, चाळिशीच्या. त्या म्हणाल्या, "गावाकडं दिसभर पायावर असायचे मी. रान, ढोरं, पाणी. हितं दहा बाय दहाची खोली. पोरगी क्लासला गेली की बसा, आली की बसा. ती जागती म्हणून मी बी जागते. ती बिस्किट खाती म्हणून मी बी."

"अन् ती पुस्तक वाचती तवा?" काकूंनी विचारलं.

"तवा मी उरलेली बिस्किटं."

सगळ्या हसल्या. मी मात्र मनात टिपून ठेवलं की मला हव्या होत्या त्या बायका याच. वजन वाढलेलं, पावसाळ्यात ताप येऊन गेलेला, आणि त्याच मजल्यावर त्यांच्याच वयाच्या काटकुळ्या शेजारणीही हजर.

संध्याकाळी मेसच्या दालनात मी सगळ्यांना समजावून सांगितलं. चरबी ही नुसती साठवण नाही. ती रक्तात सारखे निरोप सोडत असते. त्या निरोपांमुळे लढणाऱ्या पेशी कायम अर्ध्या जाग्या राहतात, कारण नसताना धुमसतात. खरा विषाणू येतो तेव्हा त्यांनी झटकन साखर जाळून जोर करायचा असतो आणि लढाई संपली की मंद आचेवर येऊन तो विषाणू लक्षात ठेवायचा असतो. वजन फार वाढलं की हे आच कमी-जास्त करणं बिघडतं, असं दिसतं. कसं आणि किती, ते आम्हाला बघायचंय.

काकू भाताचं पातेलं उतरवत होत्या. म्हणाल्या, "म्हंजे शेगडी दिसभर मोठी ठिवायची, वर काहीच न्हाई. अन् पंगत बसली की सिलिंडर खलास."

यापेक्षा बरं मला सांगता आलं नसतं. पुढे नांदेडला मी हेच वाक्य वापरलं.

कुणावर सक्ती नाही, नाव कुठे छापणार नाही, नको वाटलं तर मधूनही उठून जा, हे सगळं सांगून झालं. एकच अट घातली: सकाळी उठल्यापासून पोटात पाण्याशिवाय काही नको. पेशी काय जाळतात तेच मोजायचं, तर वर ताजी साखर पडून चालत नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. रक्त काढायला नांदेडहून नसरीनआपा आल्या होत्या. तिथल्या एका दवाखान्यात त्या हेच काम करतात. त्यांचा हात इतका हलका की सुई टोचून झाल्यावर बायका विचारतात, कधी टोचणार?

जेवायला त्या रात्री ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी होती. चटणी जीभ भाजेपर्यंत तिखट. मी तीन वेळा मागितली.

तिथेच, दुसरी सकाळ

सकाळी दोन गोष्टी बिघडल्या.

पहिली म्हणजे आल्या त्या सगळ्या बारीक बायका. एकही भरलेल्या अंगाची नाही. सुनीताबाईंनी खिडकीतून डोकावलं आणि पडदा ओढला.

दुसरी गोष्ट मला रक्त काढायला सुरुवात झाल्यावर कळली. आपांनी पहिल्या बाईची नळी भरली आणि सहज विचारलं, "पोट रिकामं हाय ना?"

"हाव. नुसता तिळगूळ खाल्ला."

मी वळून दाराकडे पाहिलं. दारात विमलकाकू स्टीलचा डबा घेऊन उभ्या होत्या आणि आत येणाऱ्या प्रत्येकीच्या तळहातावर तिळाची वडी ठेवत होत्या. घेणारी काकूंच्या पाया पडत होती, वडी तोंडात टाकत होती आणि शहाण्यासारखी रांगेत बसत होती.

"काकू!"

"काय झालं?"

"उपाशी यायला सांगितलं होतं ना?"

"उपाशीच हायेत की. चहा सुदीक दिला न्हाई." काकू खरोखर गोंधळल्या होत्या. "संक्रांतीची बाई दारात आली अन् हातावर तिळगूळ नाय ठिवला, असं कुठं असतंय का? यवढुसा तर तुकडा."

"त्यात गूळ आहे."

"मंग तिळगुळात काय मीठ घालत्यात?"

आपा खाली मान घालून हसत होत्या. मी विचारलं, "तुम्ही पण?"

"दोन," आपा म्हणाल्या. "नक्को कसं बोलू ताई, मोठ्या हायेत."

भरलेली नळी फेकून दिली. सगळ्यांना परत पाठवलं. एक अख्खी सकाळ गेली, आणि पेशी वेगळ्या करायला इथल्या मेडिकल कॉलेजची प्रयोगशाळा मला आता फक्त उद्याचा दिवस मिळणार होती. उद्याही जाड बायका आल्या नाहीत तर पेशी जिवंत ठेवून उपयोग काय? तुलना कुणाशी करायची?

मी काकूंना सरळ विचारलं, "सुनीताबाई का नाही आल्या?"

"तुमीच बोलला की, जास्त वजनाच्या बायकांनी या. कोण येईल? समद्या बिल्डिंगसमोर रांगेत हुबं राहायचं, अन् लोक म्हणणार, बघा जाडीची रांग." काकूंनी डबा बंद केला. "मला बी जाडीच म्हणत्यात. मला काय वाटत न्हाई. त्यांना वाटतंय."

हे पुण्यात बसून माझ्या लक्षात यायला हवं होतं, आलं नाही. आता उपाय बघायचा. काकू बराच वेळ मुगाची डाळ निवडत बसल्या, मग म्हणाल्या, "उंद्या माझं हळदीकुकू ठिवते. सकाळच्याला."

"सकाळी हळदीकुंकू?"

"लेकरं क्लासला गेल्यावर. कुणाची जाडी, कुणाची बारकी, हळदीकुकवाला कोण बघतंय? समद्या येत्यात. तुमी तुमचं रगत घ्या. मी कुकू लावीन. पर तिळगूळ दंडावर कापूस बघितल्याबिगर न्हाई द्यायची."

तिथेच, हळदीकुंकू

दुसऱ्या दिवशी सकाळी दालनात सतरंजी अंथरली होती. एका टोकाला आपा सुया घेऊन बसल्या आणि दुसऱ्या टोकाला काकू करंडा घेऊन. मध्ये पडदा. बायका नवी लुगडी-साड्या नेसून, गजरे माळून आल्या. जाड आणि बारीक, सगळ्या. कागद पुन्हा वाचून दाखवले, सह्या झाल्या आणि ज्यांना नुसतंच हळदीकुंकू हवं होतं त्यांनी तसं सांगितलं. त्यांनाही वाण मिळालं.

एक गोष्ट मी आमच्याकडे पाहिली नव्हती. दोन बायका विधवा होत्या, त्या मागे सरकून बसल्या. काकूंनी त्यांना नावाने हाक मारून पुढे बोलावलं. मी पाहते आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

"भूकंपात कुकवाच्या अन् बिनकुकवाच्या येकाच शेडात निजलो मॅडम. तवापासून माझ्यात येगळं न्हाई," म्हणाल्या आणि पुढच्या बाईकडे वळल्या. आपांना त्यांनी हळदीऐवजी अत्तर लावलं.

काकू दारावरच्या पोलिसापेक्षा कडक निघाल्या. एकीने दंड न दाखवता हात पुढे केला तर म्हणाल्या, "कापूस कुठाय?"

"काकू, चक्कर आल्यावानी व्हतंय, आधी द्या."

"चक्कर आल्यावर दोन देते. जा तिकडं."

सुनीताबाई सर्वांत शेवटी आल्या. वजनाच्या काट्यावर चढताना डोळे मिटून घेतले. मी आकडा मोठ्याने वाचला नाही. आपांना शीर सापडेना, पहिल्यांदाच. जाड हातात शीर खोल असते. आपांनी दंड कोमट फडक्याने शेकला, बोटाने चाचपला आणि एका टोचणीत नळी भरली.

"आता सांगा," सुनीताबाई म्हणाल्या, "पोरीला ताप आला तो चार दिसांत गेला, मला महिनाभर खोकला. ते माझ्या आळशीपणानं न्हाई ना?"

"नाही. तेवढं आत्ताच सांगते."

त्यांनी कापूस दाबून धरला आणि काकूंकडे गेल्या. सर्वांत शेवटी काकूंनी स्वतःचा हात पुढे केला. मग स्वतःच्या हाताने स्वतःला तिळगूळ घेतला, कारण द्यायला दुसरं कुणी मोकळं नव्हतं.

"रगत फ्रीजमधी ठिवा की, दुधाशेजारी जागा हाय," असंही काकूंनी सुचवलं. मी नळ्या ओढणीत गुंडाळून पोटाशी धरल्या आणि रिक्षाने कॉलेजात गेले. दुपारभर यंत्र फिरत राहिलं. नळी फिरवून काढली की तिच्यात खाली लाल, वर पिवळं आणि मध्ये धुक्यासारखी पांढरी रेघ दिसते. तेवढी रेघ मला हवी असते. प्रत्येक नळीत रेघ आली. संध्याकाळी त्या पेशी कॉलेजच्या खोल थंड फ्रीजमध्ये ठेवल्या, सकाळी नायट्रोजनच्या टाकीत.

कंधार

नांदेडला जाताना आपांनी जीप कंधारकडे वळवायला लावली. त्यांची मोठी बहीण तिथे राहते, आणि लातूरहून जाताना बहिणीकडे न जेवता पुढे जाणं त्यांच्या घरात बसत नाही. रस्त्यात एका शेतात हुरडा भाजत होते, तिथेही थांबलो. हुरड्याबरोबर लसणाची चटणी आणि गुळाचा खडा. कंधारचा किल्ला जीपमधून पाहिला. तट भक्कम आहे, खंदकात पाणी आहे.

बहिणीने तहरी केली होती. पिवळा भात, बटाटा, वर कांदा. मी पहिला घास घेतला आणि ओसरीवरून जीपवाल्याचा आवाज आला. "मॅडम, तुमची टाकी धूर सोडून राहिली!"

टाकी थोडा धूर सोडतेच. पण हा धूर चुलीवरच्या पातेल्यासारखा येत होता. तोंडाचं बूच रस्त्याच्या खड्ड्यांनी तडकलं होतं. मी लाकडी पट्टी आत बुडवून बाहेर काढली. पट्टीवर जिथवर पांढरं दव गोठतं तिथवर नायट्रोजन असतो. दव फक्त टोकाला होतं. नांदेडपर्यंत पुरेल की नाही सांगता येत नव्हतं, आणि नांदेडला तरी तो लगेच कुठे मिळणार?

ताट तसंच राहिलं. सरांचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि मला त्याचा राग आला.

"आपा, इथे नायट्रोजन कुणाकडे असेल?"

आपा काही बोलण्याआधी त्यांची बहीण म्हणाली, "गोविंदभाऊकडं असंल. गाया भरवतात ना ते. त्यांच्या टाकीतून बी असाच धूर निघतो."

गोविंदराव गल्लीच्या टोकाला राहत होते. मोटरसायकलच्या मागे छोटी टाकी बांधून गावोगाव फिरतात आणि गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करतात. आम्ही गेलो तेव्हा ते निघायच्या तयारीत होते. माझी टाकी पाहून त्यांचे डोळे चमकले.

"कोणत्या वळूचं हाय? देवणी का लाल कंधारी?"

"माणसाचं आहे," मी म्हटलं.

गोविंदरावांनी माझ्याकडे पाहिलं, आपांकडे पाहिलं, आणि हातातली किल्ली खिशात घातली.

"रक्ताच्या पेशी, भाऊ," आपा घाईने म्हणाल्या. "बायकांच्या. डोकं नक्को चालवू."

"मी कुठं काय बोललो?" पण कानापर्यंत लाल झाले होते.

मी थोडक्यात सांगितलं. हे वितळलं तर लातूरच्या बायका अभ्यासातून जातील. गोविंदरावांनी माझं बूच उलटसुलट केलं. "हे गेलं." घरातून जुन्या टाकीचं बूच आणलं, कानशीने घासून बसवलं. मग मोठ्या टाकीतून स्वतःच्या टाकीत भरणार होते तो नायट्रोजन माझ्या टाकीत ओतायला लागले. अंगणात पांढरं धुकं पसरलं, कोंबडी पळाली.

"तुमची गाय?" मी विचारलं. त्यांचा फोन मघापासून वाजत होता.

"गायीची येळ एकवीस दिसांनी पुन्हा येती. तुमच्या बाया येतील का?"

"नाही येणार."

"मंग बोलू नका, टाकी सरळ धरा."

फोन उचलून त्यांनी पलीकडच्या माणसाला सांगितलं, "आज न्हाई जमत दादा. माणसांची केस आली." मी पट्टी बुडवून पाहिली. दव वरपर्यंत आलं होतं. गोविंदरावांना घेऊन परतलो, तर आपांच्या बहिणीने तहरी पुन्हा गरम करून वाढली. मी दोन ताटं खाल्ली. गोविंदराव ओसरीवर बसून जेवले आणि जाताना म्हणाले, "पुढच्या येळी माणसाचं हाय म्हणून आधी सांगा."

नांदेड

नांदेडला आपांच्या मोहल्ल्यात काम सरळ झालं. शिलाई करणाऱ्या, जरीकाम करणाऱ्या, दुकानात बसणाऱ्या बायका. आपांनी पडदा आधीच बांधून ठेवला होता आणि कुणाला जाड-बारीक म्हणायची वेळच येऊ दिली नाही. शेगडी आणि पंगतीचं वाक्य इथेही लगेच पटलं. एक म्हातारी म्हणाली, "तो गैस कम करो ना, बस!" कमी करायचा कसा, तोच तर प्रश्न आहे, म्हटलं. वजन उतरवलं तरी पेशींची सवय किती दिवसांत उतरते ते नीट कळलेलं नाही.

त्याच दुपारी तिथल्या मेडिकल कॉलेजात पेशी वेगळ्या करून फ्रीजमध्ये ठेवल्या आणि संध्याकाळी गोदावरीवर गेले. गुरुद्वारात लंगरला बसले, डाळ आणि रोटी पोटभर खाल्ली. शेजारी रेल्वेतले एक गृहस्थ होते. मी काय करते विचारून त्यांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि पुढचा प्रश्न विचारला नाही. रोटी मात्र आणखी एक घेतली.

पुणे

रेल्वेने टाकी मांडीजवळ घेऊन आले. स्टेशनवरून घरी न जाता प्रयोगशाळेत गेले. दोन्ही गावांची एकेक नळी काढली, कोमट पाण्यात वितळवली आणि निळ्या रंगाचा थेंब टाकला. मेलेली पेशी हा रंग आत घेते आणि निळी पडते. जिवंत पेशी तो बाहेरच ठेवते. सर मागे येऊन उभे राहिले होते.

मी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. भिंगात स्वच्छ, चमकदार गोल ठिपके, आकाशात चांदण्या भराव्यात तसे. मधूनच एखादा निळा. मी नांदेडची काचपट्टी लावली. तसंच.

"बघा," म्हटलं.

सरांनी बराच वेळ पाहिलं. "हे पुण्याचे नाहीत ना?"

"नळ्यांवरच्या पट्ट्या वाचा."

निळी आणि पिवळी, दोन्ही पट्ट्या वाचून ते बाजूला झाले. "यादीतून काढत नाही," म्हणाले.

"काढूच शकत नाही आता."

त्या संध्याकाळी लातूरच्या बाकीच्या नळ्याही वितळवून पेशींना पोषक पाण्यात ठेवलं, निम्म्यांना विषाणूचे निर्जीव तुकडे दिले आणि घरी जाऊन अंघोळ केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी पोचले, त्या पेशींची प्लेट यंत्रात घातली आणि झाकण लावलं. पेशी किती प्राणवायू घेतात, किती साखर जाळतात, ते हे यंत्र मोजतं. पडद्यावर लातूरच्या रेघा सुरू झाल्या. विषाणूचे तुकडे मिळालेल्या पेशींची रेघ उठली आणि बाकीच्यांपासून वेगळी होऊन वर चढू लागली. बारीक बायकांची, जाड बायकांची, वेगवेगळ्या चढणीने. त्या चढणींचा अर्थ काय, ते लगेच सांगायचं नव्हतं. मी खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले आणि पहिला आकडा लिहून घेतला.